तळ्याचा तळ

मे महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी तेक्ला वोइतास बांधावर आली आणि पाण्यात रोवलेल्या खुणेच्या काठीकडं बघून जागच्या जागी थबकली. शनिवारी पाणी वरच्या खुणेला टेकलं होतं. आज ते चांगलं वीतभर खाली होतं. काठीचा तेवढा भाग ओला, काळपट दिसत होता.

ती सांडव्यापाशी गेली, गुडघे टेकून बसली आणि फळ्यांच्या प्रत्येक फटीवरून हात फिरवला. पलीकडची बाजू कोरडी ठणठणीत होती. बांधाच्या पायथ्याला गवतातून अनवाणी चालत गेली. तिथंही ओल नाही. मग ती उठली, पदराच्या जागी बांधलेल्या ॲप्रनला हात पुसले आणि तळ्याच्या मध्याकडं बघत पुटपुटली, "खाली चाललंय मेलं."

ग्लिन्नीकचं हे तळं देवानं दिलेलं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी गावानं दोन उन्हाळे राबून ते खणलं होतं. तिथं तेव्हा आंबट गवताचं कुरण होतं, गाईसुद्धा तोंड लावत नसत. गावानं ओढा अडवला, माती उपसली, तळाला चिकणमाती अंथरली. का, तर आपल्या पोरांनाही पोहायला पाणी पाहिजे, होडी पाहिजे, रविवारी काठावर बसायला जागा पाहिजे. धान्याला नाही, गिरणीला नाही, नुसतं खेळायला पाणी! शेजारच्या गावांनी तेव्हा वेड्यात काढलं होतं. आता त्याच गावांची पोरं उन्हाळाभर इथं पडून असत आणि थेट लुब्लिन शहरातून बस भरून माणसं येत. तळं उथळ होतं, मोठ्या माणसाला कुठंही छातीच्या वर पाणी लागत नसे. त्यामुळं आयाबाया निर्धास्त असत. इतक्या वर्षांत एकही जीव तिथं गेला नव्हता, आणि ही गोष्ट ग्लिन्नीकची माणसं परक्याला दुसऱ्याच वाक्यात सांगत.

तेक्ला सव्वीस वर्षं तळ्याची राखणदार होती. होड्यांना डांबर लावणं, पाणवनस्पती कापणं, सांडव्याच्या फळ्या घालणं-काढणं, तिकिटं फाडणं, सगळं तिच्याकडं. साठीला आली होती, पण पोतं उचलायला कुणाला हाक मारत नसे.

यंदा हिवाळ्यात ग्रामपंचायतीनं तळं रिकामं करून गाळ काढून घेतला. काम शहरातल्या एका कंपनीला दिलं. गाळ काढता काढता सरपंचांच्या डोक्यात आलं, एका कोपऱ्यात खोल डोह करावा, वर उडी मारायची फळी बसवावी. इंजिनिअर कॉन्राडनं कागदावर चौकोन आखला आणि यंत्रानं तिथं दोन पुरुष खोल खड्डा मारला. तेक्ला तेव्हा बर्फातून चालत गेली होती आणि म्हणाली होती, "साहेब, चिकणमातीचा थर हातभरच आहे. खाली वाळू आहे. फोडू नका."

कॉन्राड तिशीतला, अदबीनं बोलणारा पोरगा. हसून म्हणाला होता, "काकू, तुम्ही होड्यांना रंग द्या. पाण्याचं आम्ही बघतो."

काम करणारे गडी फिदीफिदी हसले होते. ते हसू तेक्ला अजून विसरली नव्हती.

त्या सोमवारी दुपारी तिनं सरपंच आणि कॉन्राड दोघांनाही बांधावर आणलं. सरपंच लेशेक बोरोव्येत्स गोलमटोल, घाम पुसत बोलणारा माणूस. निवडणूक त्यानं तळ्याच्याच नावावर जिंकली होती.

"ऊन बघा केवढं पडलंय," कॉन्राड म्हणाला. "दीड महिना पाऊस नाही. वाफ होऊन जातंय पाणी."

"दोन दिवसांत वीतभर वाफ?" तेक्ला म्हणाली. "मग माझ्या अंगणातल्या हौदातलं का नाही गेलं?"

"काकू, हौद वेगळा, जलाशय वेगळा. त्याचं शास्त्र असतं."

"तेक्लाबाई," सरपंच मधे पडला, "चोवीस जूनला सेंट जॉनचा सण. उद्घाटनाला जिल्ह्यातनं माणसं येणार. तुम्ही गावभर असलं काही बोलू नका. तिकिटांचं पुस्तक नवीन छापून आलंय, ते ऑफिसातून घेऊन जा."

तिकिटांचं पुस्तक! तेक्ला तशीच घरी आली.

घरी बीटाचं गार सूप वाढून मुलगी इर्मिना बसली होती. चौतिशीची इर्मिना ग्रामपंचायतीतच कारकून होती. नवऱ्यापासून सुटून दोन वर्षांपूर्वी माहेरी आली होती आणि ही नोकरी तिला महाप्रयासानं मिळाली होती.

"आई, ऑफिसात सगळ्यांनी ऐकलं," ती ताटाकडं बघत म्हणाली. "शिपायानं मला विचारलं, तुझ्या आईनं इंजिनिअरिंग कुठं केलं? हसत होते सगळे."

"हसू दे."

"तुला काय जातंय हसू दे म्हणायला! त्या लोकांत मला बसायचंय रोज."

बाप झिग्मुंट खिडकीपाशी पाय लांब करून बसला होता. तीस वर्षं वीटभट्टीवर राबलेला माणूस. भट्टी बंद पडली आणि पाठोपाठ त्याचं कंबरेचं हाडही. तो पाव सुपात बुडवत म्हणाला, "इर्मिना, तुझी आई हौदाचं बोलली ते बरोबर आहे. फक्त हौद घरात आहे, म्हणून कुणाला दिसत नाही. बादली तळ्यात ठेव म्हणावं. एकच ऊन, एकच वारा."

तेक्लानं चमचा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिनं पत्र्याची बादली घेतली, तळाला दगड घातला, तळ्याचंच पाणी भरलं आणि काठापासून दहा पावलांवर गुडघाभर पाण्यात उभी केली. बादलीच्या आतल्या पाण्याची रेघ आणि बाहेरच्या पाण्याची रेघ, दोन्ही खिळ्यानं पत्र्यावर कोरल्या. जाता-येता माणसं थांबून विचारू लागली. दुकानदारीण म्हणाली, "तेक्ला, मासे धरतेस की काय बादलीत?"

"सरपंचाला धरतेय," तेक्ला म्हणाली.

कुणी म्हणू नये की तिनंच पाणी ओतलं-काढलं, म्हणून तिनं सांडव्याच्या कुलपांच्या चाव्यांचा जुडगा पाद्रीबाबांच्या बहिणीच्या हातात दिला आणि तिलाच राखणीला बसवलं. त्या बाईच्या शब्दावर गावात कुणाची बोट ठेवायची छाती नव्हती.

बुधवारी सकाळी सहाला बांधावर चाळीसेक माणसं जमली. सरपंचही आला, कॉन्राडही. तेक्ला स्कर्ट खोचून पाण्यात उतरली. बादलीतलं पाणी रेघेपासून नखभर उतरलं होतं. बाहेरचं पाणी चार बोटं.

"वाफ बादलीतली," तिनं आतली रेघ दाखवली. "आणि ही बाहेरची. मधलं पाणी कुठं गेलं साहेब?"

कुणी हसलं नाही. कॉन्राड वाकून दोन्ही रेघा बघत राहिला. मग तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "थर फुटलाय. खड्ड्यातून पाणी वाळूत जातंय." एवढं मात्र त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं.

"मग बुजवा!" सरपंच ओरडला.

"प्लास्टिकचा पडदा घालावा लागेल. त्याची निविदा, मंजुरी... पुढच्या वर्षी."

"माती घालून दाबता नाही येणार?"

"तळ मऊ आहे. दाबायचं अवजड यंत्र रुतेल तिथं."

सरपंचानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मग यंदा तळं बंद."

यंदा तळं बंद. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली. तेक्लाला वाटलं, कुणीतरी आपल्या अंगावरचा कपडाच ओढून घेतोय. ती पाण्यातूनच म्हणाली, "पहिल्यांदा तळ केला तेव्हा कुठलं यंत्र होतं? घोडे होते आणि पाय होते. मी बारा वर्षांची होते, आईबरोबर माती तुडवलीय मी. मला तीन आठवडे द्या."

"तीन आठवड्यांत काय होणार बाई?"

"नाही झालं तर तळं बंदच आहे. तुमचं जातंय काय?"

सरपंचानं टोपी परत डोक्यावर घातली. "तीन आठवडे," तो म्हणाला.

माती कुठली, हे झिग्मुंटला विचारावं लागलं नाही. बंद वीटभट्टीच्या मागं निळसर चिकणमातीची खाण होती. त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्चीवर बसवून तिथं नेलं. तो कुदळीनं निघालेला प्रत्येक गोळा हातात घेई, बोटांत मळी, जिभेला लावी. "ही नको, हिच्यात वाळू आहे, दातांखाली येते. ती डावीकडची काढा. हां, ही लोण्यासारखी. हीच."

घोड्यांचं मात्र अवघड होतं. ग्लिन्नीकमध्ये नांगराचे घोडे आता एकट्या गेर्वाझीकडं उरले होते. आणि गेर्वाझीच्या घराशी वोइतासांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. त्याचं एक भांडखोर नर बदक तळ्यात पोरांच्या पिंढऱ्यांना चावायचं. तेक्लानं एकदा वल्ह्याचा फटका घातला, ते जागीच आडवं झालं. ते तिनं कुंपणावरून त्याच्या अंगणात फेकलं होतं.

ती त्याच्या फाटकात शिरली तेव्हा म्हातारा खोगिराला तेल चोळत होता.

"येशूची स्तुती असो," तेक्ला म्हणाली.

"युगानुयुगं," गेर्वाझीनं मान वर न करता म्हटलं. "वाट चुकलीस काय?"

"नाही. मुद्दाम आले. घोडे पाहिजेत."

"ऐकलंय. माझ्या बदकाच्या मारेकरणीला घोडे द्यायचे म्हणे." त्यानं फडकं झटकलं. "आधी म्हण, चुकलं."

दारात गेर्वाझीची सून उभी राहून ऐकत होती. आयुष्यात तेक्लानं कुणाच्या दारात मान खाली घातली नव्हती. नवऱ्याची भट्टी बंद पडली तेव्हाही नाही, मुलगी परत आली तेव्हाही नाही. पण डोळ्यांपुढं ती काठी आली, रोज चार बोटं उघडी पडणारी.

"बदक मारलं ते चुकलं नाही," ती म्हणाली. "पोरं रडत होती. पण कुंपणावरून फेकलं, ते चुकलं. दारात आणून हातात द्यायला पाहिजे होतं. तेवढं चुकलं माझं."

म्हाताऱ्यानं खोगीर बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "निबर होतं. दोन दिवस शिजवलं तरी शिजेना." आणि उठला. "घोडे येतील. पण लगाम माझ्या हातात. दुसरा कुणी हात लावायचा नाही."

ओढ्याचं पाणी बाजूच्या चरातून काढून दिलं, तळं रिकामं केलं. खड्डा आधी वाळूनं भरला, मग त्यावर निळी माती पसरली. गेर्वाझीच्या दोन भुऱ्या घोड्या गोल गोल फिरू लागल्या. त्यांच्या मागं माणसं, अनवाणी, हात एकमेकांच्या खांद्यांवर टाकून, पाय उचल, टाक, उचल, टाक. माती पावलं गिळायची आणि सोडताना फट्‌कन आवाज करायची. पहिल्या दिवशी मजा होती. बायका गाणी म्हणत होत्या, शाळामास्तर दोनदा तोंडावर पडला आणि दोन्ही वेळा सगळं गाव पोट धरून हसलं. दुपारी पाव, डुकराची चरबी आणि खारवलेल्या काकड्या बांधावर बसून खाल्ल्या. संध्याकाळी मांड्या दगडासारख्या झाल्या.

चौथ्या दिवशी घात झाला. ऊन असं तापलं की पहिल्या थराला सकाळीच भेगा पडल्या. झिग्मुंटला खुर्चीसकट खाली उतरवलं. त्यानं काठी भेगेत घातली. ती तीन बोटं आत गेली.

"उकरा," तो म्हणाला.

"किती?"

"सगळा थर. कोरडी माती दुसऱ्या थराला धरत नाही. उकरा, भिजवा, परत तुडवा."

"झिग्मुंट, अरे चार दिवसांची मेहनत आहे!" कुणीतरी ओरडलं.

"मेहनत मला दिसतेय. भेगही दिसतेय."

माणसं कुरकुरत काठावर चढली. कुणाला गवत कापायचं होतं, कुणाची गाय विणार होती. दुपारपर्यंत खड्ड्यात सातआठ जण उरले. सरपंचाची गाडी वर येऊन थांबली, काच खाली झाली, परत वर झाली, गाडी गेली. तेक्लानं फावडं उचललं आणि कडेपासून उकरायला सुरुवात केली. टाचांच्या भेगांत माती जाऊन वाळली होती, पाऊल टाकताना काच टोचल्यासारखं होई. मागं कोण आहे, कोण नाही, तिनं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर हातातलं फावडं गळालं असतं, हे तिला ठाऊक होतं.

तीनच्या सुमाराला काठावर इर्मिना दिसली. ऑफिसचे कपडे, हातात पर्स, उंच टाचांचे बूट.

"सरपंचांनी पाठवलंय," ती वरून म्हणाली. "म्हणाले, आईला समजाव, आता पुरे कर म्हणावं."

"मग? समजाव."

इर्मिना आणखी कडेला आली. आईच्या पायांकडं बघत होती. गुडघ्यापर्यंत निळे पाय, टाचेपाशी मातीत मिसळलेलं लाल. तिनं बूट काढले, गवतावर नीट जोडीनं ठेवले. मोजे काढून पर्समध्ये घातले.

"अगं, नोकरी!" तेक्ला म्हणाली.

"ऑफिस तीनला सुटतं. तीन वाजून गेलेत. सरक तिकडं."

दुसऱ्या दिवशी परत माणसं आली. का आली, कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. इर्मिना रोज तीनला यायची, आणि ऑफिसातला तो शिपाईही तिच्या मागोमाग. बायकांनी घरातली गोणपाटं, जुन्या चादरी आणल्या आणि ओल्या करून थरावर पांघरल्या. सहाव्या दिवशी कॉन्राड आला. त्याची गाडी बघून सगळ्यांचे पाय थांबले. तो लेव्हल मोजायचं यंत्र घेऊन उतरला, तासभर मोजलं, वहीत लिहिलं, मग तेक्लापाशी येऊन म्हणाला, "काकू, पूर्वेकडची कड दोन बोटं पातळ आहे. तिथं अजून पाच ट्रॉल्या पाहिजेत."

"बरं."

तो तिथंच घुटमळला. "मी... उतरू का?"

तेक्लानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मनात तयार असलेलं एक वाक्य जिभेवर आलं, तुम्ही होड्यांना रंग द्या, मातीचं आम्ही बघतो. पण ती ते गिळून म्हणाली, "पँट दुमडा. घोडीच्या मागं राहू नका, लाथ मारते."

गेर्वाझी खदखदून हसला. "तेक्लापेक्षा कमी मारते, या साहेब, या!"

तीन थर झाले. शेवटच्या दिवशी झिग्मुंटनं वरचा थर तपासला. काठी टेकवली, पूर्ण भार टाकला. काठी गेली नाही. त्यानं मान डोलावली, एवढंच. पण त्या रात्री जेवताना त्याचा घास हातातच राहिला आणि तो म्हणाला, "भट्टीवर तीस वर्षांत एवढी चांगली माती मळलेली बघितली नाही मी." तेक्लानं उठून त्याच्या वाटीत परत सूप वाढलं.

आठ जूनला फळ्या घातल्या. ओढा बारीक होता, तळं भरायला दहा दिवस लागले. मग तेक्लानं चर उघडून ओढा वळवला, नवं पाणी थांबवलं आणि बादली परत भरून तळ्यात उभी केली. आता येणार नाही, जाणार नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. दर सकाळी बांधावर गर्दी वाढत होती. चौथ्या दिवशी सकाळी पाणी काठीच्या वरच्या खुणेपासून दोन बोटं खाली होतं. बादलीतलंही तेवढंच. तेक्ला बादली उचलून वर आली, ती पाणी ओतायच्या आत गेर्वाझीनं टोपी हवेत उडवली.

सेंट जॉनच्या सणाला गाव ओसंडलं. मुलींनी रानफुलांचे मुकुट पाण्यात सोडायला आणले होते. लाकडी मंचावर सरपंच नव्या शर्टात उभा होता. त्यानं जिल्ह्याचे आभार मानले, खात्याचे मानले, कंपनीचे मानले. मंचाच्या कडेला इर्मिना माईक धरून, पुढची यादी वाचायला थांबली होती. ती यादी सरपंचांनी स्वतः लिहून दिली होती.

तेक्लानं तिकिटांचं पुस्तक दुकानदारिणीच्या मांडीवर ठेवलं. सव्वीस वर्षांत ती या पाण्यात कामाला उतरली होती, गवत कापायला, फळ्यांना, बुडालेली वल्ही काढायला. पोहायला कधी नाही. ती झुडपामागं गेली, निळा जुना पोहण्याचा पोशाख चढवून आली आणि गर्दीतून, मांड्यांवरच्या शिरा उघड्या टाकून, सरळ पाण्यात चालत गेली. पोरं बाजूला झाली. गुडघे, कंबर, पोट. उडीच्या फळीसाठी खणलेल्या त्या जागी पोहोचली आणि थांबली. पाणी छातीला लागत होतं.

लाउडस्पीकरमधून इर्मिनाचा आवाज येत होता. एकामागून एक नावं. मग कागद दुमडल्याचा खरखर आवाज झाला आणि ती थांबली.

"कागदावर एवढंच आहे," ती म्हणाली. "आता कागदावर नसलेली. गेर्वाझी काका आणि त्यांच्या घोड्या. माती चाखून निवडली ते माझे वडील, झिग्मुंट वोइतास. ज्यांनी ज्यांनी पाय दिले ते तुम्ही सगळे. आणि तेक्ला वोइतास. माझी आई. आई, मंचावर ये."

माणसं वळून शोधू लागली. सरपंच टाळ्या वाजवू लागला, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. काठावर खुर्चीत बसलेल्या झिग्मुंटनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडला, "येणार नाही ती! पाण्यात आहे!"

सगळं गाव तिच्याकडं बघत होतं. तेक्लानं हात वर केला नाही, मानही खाली घातली नाही. खांदे मागं घेऊन उभी राहिली. पाण्याखाली तिच्या दुखऱ्या टाचा मातीवर टेकल्या होत्या, आणि माती गार होती, घट्ट होती, तसूभरही हलत नव्हती.